दोन दातांमधली जागा

डहाणू रोड
रविवार, पौष

बाबा,

फार दिवसांनी लिहिते आहे, रागावू नका. वहीत तुमच्यासाठीचं शेवटचं पान आईच्या मोतीबिंदूच्या वेळचं आहे, म्हणजे मी किती काळ गप्प होते ते आज मलाच दिसलं. तसं कारण काही नव्हतं. सगळं सुरळीत चाललेलं असतं तेव्हा तुमची आठवण येते, पण तुम्हाला विचारायचं असं काही नसतं. आज विचारायचं आहे.

माझा पुढचा दात गेला. वरचा, डावीकडचा. आगरच्या मासळीबाजारात ताजे बोंबील घ्यायला गेले होते, ओल्या पायरीवरून पाय सटकला आणि तोंडावर पडले. पिशवी मात्र हातातून सोडली नाही. कोळीण धावत आली, मला उठवलं, पिशवीत डोकावली आणि म्हणाली, "बाय, मावरं वाचलं, दात गेला!" दात मुळापर्यंत चिरला होता, काढावाच लागला. इथली दातांची डॉक्टर माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान आहे, भरभर बोलते. जखम भरेपर्यंत तिने एका दाताची काढता-घालता येणारी कवळी दिली आहे. पण ती कायमची नको म्हणते. ब्रिज करायचा तर शेजारचे दोन्ही दात घासून बारीक करायचे, त्यांवर टोप्या चढवायच्या आणि मधला खोटा दात त्यांना जोडून टाकायचा. "लवकर होईल मॅडम, आणि तुमची ही पुढची फटपण जाईल. एका कामात दोन कामं." दुसरा मार्ग इम्प्लांटचा. हाडात स्क्रू बसवायचा, हाड त्याला घट्ट धरेपर्यंत काही महिने थांबायचं आणि मग त्यावर दात. तो दात कुणाला जोडलेला नसतो, एकटा उभा राहतो, त्यामुळे फट ठेवायची तर ठेवता येते. "पण ठेवेल कोण?" असं म्हणून ती हसली. सोमवारी सांगा, म्हणाली.

ही फट तुमची. माझे दुधाचे दात तुम्ही झरीच्या घराच्या कौलांवर भिरकावलेत आणि नवे आले ते मधे जागा सोडून. मी आरसा घेऊन रडत तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही वह्या तपासत होतात. वर न बघता म्हणालात, "माझ्याकडून आलंय ते. तक्रार माझ्याकडेच करायची, आईला त्रास द्यायचा नाही." शाळेत मुली मला म्हणायच्या, दार लाव, डास जातील. मी ओठ मिटून हसायला शिकले. तुमच्या ते लक्षात आलं आणि तुम्ही रागावलात, तुम्ही क्वचितच रागवायचात म्हणून ते लक्षात राहिलं: "असं काय हसतेस? चोरी केल्यासारखी?" तरी मी बदलले नाही. माझ्या लग्नाच्या फोटोंतसुद्धा एकही दात दिसत नाही.

मग तुमच्या हिरड्या गेल्या, पुढचे दात एकामागून एक पडले आणि तुम्ही डहाणूला जाऊन कवळी करून आणलीत. मी कॉलेजच्या सुट्टीला घरी आलेली आहे. आई चुलीपुढे तांदळाची भाकरी थापते आहे. तुम्ही दारात उभे राहून हसता आणि ते दात एकसारखे, पांढरेशुभ्र, एकमेकांना चिकटलेले. आईचा हात थांबतो.

"अहो, कोणाचं तोंड घालून आलात?"

"का, चांगलं नाही?"

"चांगलं आहे की. पण पाहुणा जेवायला आल्यासारखं वाटतंय. वाढू का, असं विचारावं लागेल."

दुसऱ्या सकाळी मी उठले ती खर्र खर्र आवाजाने. तुम्ही पायरीवर बसला होता, डाव्या मुठीत कवळी आणि उजव्या हातात विळ्याला धार लावायची कानस. पुढच्या दोन दातांमधे ती घालून तुम्ही घासत होता. मी ओरडले, "बाबा, मोडेल ती!" तुम्ही फुंकर मारून भुकटी उडवलीत. "मोडली तर मोडली. माझी जागा ठेवायला विसरलाय तो डॉक्टर." घासणं जरा जास्तच झालं. त्या दिवसापासून तुमच्या प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजायची. वर्गातली पोरं रोज म्हणायची, "गुरजी, साताचा पाढा बोला ना." का म्हणतात ते तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही पहिला 'सात' मुद्दाम लांबवायचात. बांधावरून जाणारा एकजण ओरडला होता, "गुरजी, शाळंची घंटा आता तोंडातच बसवली काय?" तुम्ही सगळ्यांत मोठ्याने हसलात. डॉक्टरांनी विचारलं, हे कुणी केलं? "मीच. तुमच्याकडून राहून गेलं होतं."

म्हणून विचारते आहे. मला ही फट कधीच आवडली नाही, मग आता ती जाते आहे तर जाऊ द्यायला काय हरकत आहे? वडिलांची आठवण म्हणून हाडात स्क्रू ठोकून घ्यायचा, यात शहाणपणा कुठला? मी डॉक्टरला विचारलं की शेजारचे धड दात घासणं योग्य आहे का, तर तिने कबूल केलं की ते न घासलेलं बरंच. कारण मिळालं म्हणून मला हायसं वाटलं आणि लगेच शंका आली की मी या कारणाच्या आड लपते आहे. या कवळीत फट नाही. लायब्ररीत कुणाशी बोलताना जीभ त्या जागेपाशी जाते आणि आपटून परत येते. माझा 'स' आता दुसऱ्याच कुणा बाईचा आहे. ती बाई स्वच्छ बोलते. मला ती आवडत नाही.

आज दुपारी आई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. "बरी दिसतेस," म्हणाली. मग दोन-चार शेंगा सोलल्यावर, "दुकानाच्या पाटीवरच्या बाईसारखी." मग खालीच बघत ती म्हणाली, "कानस माळ्यावर असेल हो अजून." मी हसले, बाबा, पूर्ण तोंड उघडून, आणि ती खोटी कवळी सुटून वालात पडली. मग आईही हसली, पोट धरून.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून एक सांगून टाकते. कानस माळ्यावर नाही. झरीचं घर रिकामं करून सामान इथल्या माळ्यावर चढवलं, त्या दिवशी मी ती पदराखाली लपवून आणली. माझ्या टेबलाच्या खणात पेनांबरोबर आहे, आईला माहीत नाही. आत्ता समोर ठेवली आहे. तिच्या खाचांत थोडी पांढरी भुकटी दिसते. ती तुमच्या दातांचीच असेल असं मला वाटतं. खडूचीही असू शकेल.

उद्या: डॉक्टरला सांगणे, इम्प्लांट, फटीसकट.