शेजारणीने मोडलेला नान

ताई, प्रभूची शांती तुझ्या घरात असो.

गुरुवारी सकाळी गाईची धार काढून मी तंदुरात नान लावत होते. तेवढ्यात शेजारची जुमागुल आत आली. माझ्या नवऱ्याला, तेमिरला, मुल्लाऐवजी येशूची प्रार्थना म्हणून पुरलं, तेव्हापासून वर्षभर ती फाटकाबाहेरूनच बोलायची. आपल्याकडे आत आलं की नानचा तुकडा मोडल्याशिवाय निघता येत नाही ना, आणि माझ्या हातचं गावात कुणालाच नको होतं! तू ‘माहेरी ये’ लिहिलंस आणि मी गाठोडं बांधलं, ते यामुळेच.

“सायकाल, माझं खमीर बिघडलं. वाटीभर दे गं.”

दिलं. मग भीत भीत गरम नान पुढे केला.

“तुझ्या येशूने यात काही घातलं नाही ना?”

“मीठसुद्धा मीच घालते, बाई.”

ती हसली आणि तिने चांगला मोठा तुकडा मोडला. “खारट! तेमिर रोज ओरडायचा, ते खरंच होतं.”

वर्षाने दुसऱ्या कुणाच्या तोंडी त्याचं नाव ऐकलं. देव चांगला आहे, हे मी बायबलात अक्षर लावून लावून वाचलं होतं. त्या सकाळी ते माझ्या अंगणात आलं.

माझा गुडघा बरा आहे. आईचा खोकला थांबला का?

दुसऱ्या दिवशी मी बांधलेलं गाठोडं सोडून कपडे पुन्हा जागेवर ठेवले.

तुझीच,
सायकाल