दोनशे बारा काठ आणि एक डबा

३ फेब्रुवारी, सोमवार
ही नोंद फक्त माझ्यासाठी. पुढच्या वेळी काय केलं ते शोधावं लागू नये.

नेटवर्क स्टोरेजचा, म्हणजे फाइली साठवायचा, जुना डबा काल बंद पडला. दिवा लागतो, पण नेटवर्कवर दिसत नाही. आत आप्पांनी मागावर विणलेल्या साड्यांच्या काठांची २१२ डिझाइन्स आहेत. चार वर्षांपूर्वी मीच जकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं स्कॅन केली. ती लॅपटॉपवरून दर रविवारी आपोआप डब्यात कॉपी होतील अशी सोय केली आणि आप्पांना कार्डं रद्दीत घालायला सांगितलं. तो लॅपटॉप नंतर पुसून गुंजीच्या मावसभावाला, मंथनला दिला. म्हणजे आता जे आहे ते डब्यातच.

चिकोडीच्या अंजनीबाईंना लेकीच्या लग्नासाठी त्यांच्या आईच्या साडीवरचा काठ हवा आहे. तो आप्पांनीच विणला होता. १४ तारखेला नमुना बघायला येणार. नाही जमलं तर दुसरीकडे बघू, असं त्यांनी कन्नडमध्ये, फार सौम्यपणे सांगितलं.

योजना: डब्यातल्या बोर्डाला सीरिअल केबल जोडायची, नव्या लॅपटॉपवरून डब्याशी बोलायचं, पेनड्राइव्हवर लिनक्स टाकून डबा त्यावर सुरू करायचा. डिस्कला धक्का नाही. अंदाज: दोन तास.

४ फेब्रुवारी, संध्या. ६.१०
टेबल डगमगतं. मागाच्या खोलीत आप्पांची पत्र्याची पेटी आहे, ती स्थिर आहे. चादर टाकून तिच्यावर सगळं मांडलं.

तीन वायरी. ग्राउंड ग्राउंडला, टीएक्स टीएक्सला, आरएक्स आरएक्सला. नावाला नाव नीट जुळवलं. स्क्रीन काळी.

निदान: केबल खराब.

आप्पा दोनदा येऊन पेटीजवळ उभे राहिले. काही हवंय का विचारलं. न्हाय न्हाय, चालू दे तुझं, म्हणाले. प्रक्रिया समजून घ्यायची असावी.

६ फेब्रुवारी
खडे बाजारात भरमूअण्णाकडे गेले. टीव्ही दुरुस्त करतो, वायरीही ठेवतो. कशाला पाहिजे विचारलं म्हणून सांगितलं. तर म्हणे, डिस्क काढून दुसऱ्या कम्प्युटरला लाव की गं, दहा मिनिटांचं काम. मी समजावलं की त्यानं डिस्क वाचता येईल, डबा दुरुस्त होणार नाही.

"तुला डिझाइन पायजे का डबा?"

प्रश्नाची मांडणीच चुकीची होती. केबल घेतली आणि आले.

८ फेब्रुवारी, शनिवार
नवी केबल. स्क्रीन काळी. केबलवरच्या संवादाचे चार वेगवेगळे वेग लावून पाहिले. काळीच. आमच्या वडगावचं व्होल्टेज स्थिर नाही, हे कारण पुरेसं आहे.

आप्पांनी मागावर उभ्या दोऱ्यांचा ताणा चढवायला घेतला. आता डिझाइन मिळालं की कार्डं नव्यानं पाडून घ्यायची. उद्यापर्यंत देते असं सांगितलं. ते पेटीकडे बघत बरं म्हणाले.

९ फेब्रुवारी
ठराव: शांत राहणे. मी शांतच आहे. आई म्हणाली, भांडी का आपटतीस. भांडी निसटली.

११ फेब्रुवारी, दु. ३.३०
सुवर्णाआत्ती ताणा जोडायला आली होती. जुन्या ताण्याला नवा ताणा जोडण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नाही. हजारो दोरे बोटांनी जोडते, एक चुकत नाही. पेटीजवळ बसून माझ्या तीन वायरी बघत राहिली. ह्या कशाच्या, विचारलं. वेळ होता म्हणून सांगितलं: टीएक्सवरून यंत्र बोलतं, आरएक्सवरून ऐकतं. डब्याला दोन्ही, लॅपटॉपलाही दोन्ही.

तिनं वायरींची टोकं बोटांनी चाचपली.

"मग दोघांची तोंडं एकमेकांना बांधलीस व्हय गं? कान कुठं हायत?"

मी पुढचा प्रयोग तोच करणार होते. आत्ती गेल्यावर वायरी अदलाबदल केल्या. स्क्रीनवर अक्षरं आली. आधी कचरा, मग वेग ११५२०० केल्यावर स्वच्छ इंग्रजी.

पद्धतशीर प्रयत्नांना यश.

१२ फेब्रुवारी
लिनक्स चढलं. डबा नेटवर्कवर दिसतो. पहिल्यापेक्षा वेगानं सुरू होतो. एकूण वेळ दोन तासांपेक्षा किंचित जास्त: नऊ दिवस. आप्पांना सांगितलं, उद्या सकाळी काठ देते. खूश झाले. म्हणाले, मग पेटी मोकळी होईल न्हवं?

१३ फेब्रुवारी, स. १०.२०
डिस्क उघडली.

एक फोल्डर. नाव: चाचणी. त्यात एक फोटो, चार वर्षांपूर्वीचा. कार्डाचा एक कोपरा आणि माझा अंगठा.

दर रविवारच्या कॉपीचं वेळापत्रक मी केलं होतं. ते चालू करायचं राहिलं असावं. वेळापत्रक अचूक होतं.

१०.५०
आप्पांना जाऊन सांगितलं. एका वाक्यात, कारण न देता. २१२ पैकी एकही नाही.

ते उठले. मागाच्या खोलीत आले, डबा उचलून माझ्या हातात दिला, लॅपटॉप बाजूला ठेवला, चादर काढली आणि पेटी उघडली. आत कार्डांच्या माळा. सुतळीनं बांधलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. अंजनीबाईंच्या आईचा काठ वरून तिसरा.

मी विचारलं, रद्दीत घातली नव्हती? माझा आवाज नेहमीसारखाच होता.

"तू म्हणालीस तवा व्हय म्हटलो. घालतो असं कुठं म्हटलो?"

आणि हे नऊ दिवस? तर म्हणे, ताणा चढेपर्यंत कार्डं लागत न्हाईत. तू एवढी मांडामांड केलतीस, उठ कसं म्हणायचं.

१४ फेब्रुवारी
अंजनीबाई आल्या. वीतभर काठावरून बराच वेळ बोट फिरवत राहिल्या आणि साडी पक्की केली. आप्पांनी त्यांना सांगितलं की ह्याच्यामागं आमच्या रचनानं लई कष्ट घेतले. मी दुरुस्ती केली नाही.

ठराव: सगळी कार्डं पुन्हा स्कॅन करणे. अंदाज: दोन तास.

आत्तीनं विचारलं, डबा चालतो का. उत्तम चालतो. पेटीचं झाकण एका कोपऱ्यात वर येतं, तिथं ठेवलाय. वजन १.१ किलो. झाकण आता नीट बसतं.