धाकट्या ब्राउझरचा लाल शेरा

सोमवार, २ जून
वसतिगृह प्रवेशाची वेबसाइट पुढच्या सोमवारी सुरू होणार. तपासणी माझ्याकडे, शेवटची मंजुरीही माझी. पेपरात होतो तेव्हा पान छपाईला सोडायची वेळ ठरलेली असायची. इथंही तसंच, फक्त शाई नाही.
चाचण्या आपोआप चालवायच्या. प्रोग्रॅम स्वतःच अर्ज उघडतो, भरतो, पाठवतो. ब्राउझर तीन. माझ्यापुरती नावं: थोरला (बहुतेक लोक वापरतात तो), मधला, आणि धाकटा, जो स्वस्त फोनात आधीच बसवून येतो.
पुण्याहून निखिल, आमचा प्रोजेक्ट मॅनेजर: "सर, सध्या एकावरच चालवा. बाकीचे नंतर बघू."
तिन्ही तयार करणार. नंतर म्हणजे कधीच नाही.

मंगळवार, ३ जून
थोरला स्वतःहून अपडेट होऊन बसला. त्याला चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम जुना, आता जुळेना. सकाळ त्यातच गेली.
बायको, शोभा, शिलाई मशीनवरून: "काय झालं?"
"ड्रायव्हर जुळत न्हाई."
"मंग बसनं जा."
दुपारी लाईट नाही. धाकट्यासाठी शोभाचाच फोन केबलनं जोडला. म्हणते, "माझ्या फोनला काही झालं तर तुमचंच नाव घालीन वसतिगृहात."

गुरुवार, ५ जून
तिन्ही हिरवे. सगळं पास. निखिल खूश. मी नाही. अजून माणसाचा हात लागलेला नाही.
तांड्यावरच्या शेवंताबाई ब्लाऊज न्यायला आल्या होत्या. नातीला वसतिगृहात घालायचंय त्यांना. म्हटलं, ही चाचणीची साइट आहे, भरून बघता का? शोभाच्या फोनवर सगळं नीट भरलं. ओटीपीपाशी थांबल्या. नंबर मुलाचा, मुलगा पुण्यात कामावर. त्याच फोनवरून त्याला लावला. "आरं, नंबर आला का? जेव मंग, आधी नंबर सांग!"
नंबर मिळाला. पानावर परत आल्या तर अर्ज कोरा. पुन्हा भरला, पुन्हा कोरा.
"आमी काय चुकलो का?"
"न्हाई, तुमी बराबर केलं."
"मंग तोंड काहून पाडून राहिले? घ्या, चहा तरी मागवा."
आमच्याकडं असंच चालतं. नंबर एकाचा, फोन दुसऱ्याचा. ओटीपी विचारायला कॉल करावाच लागतो. कॉल लागला की हलक्या फोनात धाकटा मागचं पान सोडून देतो, भरलेलं पुसलं जातं. माझा प्रोग्रॅम पानावरून कधी हलतच नाही, म्हणून सगळं हिरवं.

शुक्रवार, ६ जून
नवी चाचणी लिहिली. ओटीपीपर्यंत जायचं, कॉल लावायचा, बोलणं होईस्तोवर थांबायचं, परत यायचं.
थोरला हिरवा. मधला कधी हिरवा, कधी लाल. धाकटा लाल. पुन्हा चालवली. लाल.
निखिल: "सर, असं क्वचितच कुणी करेल."
"आमच्याकडं रोज करतात."
"मग वर सूचना टाकू. ओटीपी स्वतःच्याच फोनवर घ्यावा."
"टाका. अन् बापांना कामावरून बोलावून घ्या."
मग मुद्द्याचं बोलला: ती चाचणी काढा, रिपोर्ट हिरवा जाऊ दे.
काढणार नाही.

शनिवार, ७ जून
उपाय लिहून पाठवला. भरलेलं फोनातच जपून ठेवायचं, पान उघडलं की परत भरून द्यायचं. साइट बांधणारी मुलगी म्हणाली, होण्यासारखं आहे, पण तारीख पुढं जाईल. निखिल तारखेवर अडला. पुढचं काम दुसऱ्या कुणाला देता येईल, असंही सुचवलं. म्हटलं, द्या. मंजुरीही त्यालाच देऊ दे, माझ्या नावानं नको.
शोभानं ऐकलं. "हे काम गेलं तर?"
"जाईल."
मशीन थांबवली तिनं. "मंग भांडायचं तर नीट भांडा की. एवढं गोड बोलून राहिले, त्याला वाटंल तुमी कबूल झाले."
खरंय. पण आवाज चढवायची सवय नाही. नाही म्हणायला आवाज कशाला लागतो?

रविवार, ८ जून
रिपोर्ट गेला. लाल शेरा सगळ्यात वर ठेवला, हिरवे त्याच्या खाली. दिवसभर उत्तर नाही. संध्याकाळी

सोमवार, ९ जून
काल लिहिता लिहिता निखिलचाच फोन आला. कंपनीच्या मोठ्या साहेबांना दाखवायचंय, नामंजुरीचं कारण एका ओळीत द्या. दिलं: ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर येत असेल तर मुलीचा अर्ज भरता येत नाही.
सकाळी परत: "सर, थोडं सौम्य करता येईल का?"
आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं कापली. या वाक्यात कापण्यासारखं काही नाही. तसं कळवलं.
साइट आज अकरा वाजता सुरू करायची आहे. मंजुरीपुढं अजूनही नामंजूर. आता मोठे साहेब स्वतः बोलणार म्हणे.
बोलू देत. मी टेबलापाशीच आहे.