मोबाइलवरची मंडळी

छकुलीच्या आई,
प्रभूच्या नावाने तुला आणि पोरीला सलाम.

ताप उतरला, काळजी करू नकोस. पण तू मला मोबाइलवरच्या ज्या प्रार्थना गटात घातलंस, त्यावर माझा अजून भरवसा नाही. आजारी आहे असं लिहिलं, तर लगेच सगळ्यांचं 'आमेन'. मग प्रार्थना केली कधी?

दुसऱ्या दिवशी एक अनोळखी बसचालक डबा घेऊन दारात. मी साखळी न काढताच विचारलं, "पत्ता कुणी दिला?"

"वहिनींनी गटात टाकला. उघडा भाऊ, भात निवतोय."

जेवल्यावर त्याने माझा हात धरून प्रार्थना केली. माणूस कसा आहे ते बघू, म्हणून मी एक डोळा किलकिला ठेवला, तर त्याचाही उघडाच! हसू आवरल्यावर प्रार्थना पहिल्यापासून केली.

तुझा गुडघा कसा आहे? गटाच्या आधी मला कळव.

तुझ्यासाठी रोज गुडघे टेकणारा,
तुझाच