नरसय्याच्या मनगटावरचं सूत

सोलापूर, पौष, गुरुवार, १९७४

अडीच महिन्यांपूर्वी एका सकाळी मी कापडगिरणीच्या फाटकात येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाला सूत बांधलं, ‘तूच देव’ म्हणून पाया पडलो. डोकं ठिकाणावर नव्हतं. मग दोन महिने दवाखाना. आता बरा आहे, पण काल कामावर गेलो तर माणसं हसली, “देव आला की!” त्यापेक्षा गावी जावं म्हणून आज राजीनामा खिशात घालूनच निघालो.

फाटकात शेजारच्या मागावरचा नरसय्या भेटला. लाजेनं मान खाली घातली, तर त्याच्या मनगटावर सूत. मळून काळं झालेलं, पण माझंच!

“अजून काढलं नाहीस?”

“आमी विणकर. बांधलेलं सूत हातानं तोडत न्हाय. आन गाठ बघ की, तुटला धागा जोडायची, मागावरची हाय. डोकं फिरलं व्हतं तुजं, हात न्हाय.”

मी गाठीवरून बोट फिरवलं. वेडातही बोटांना ती गाठ कुणी आठवून दिली? पांडुरंगा, तेव्हा तू कुठं होतास? बोटांत? अजून ते काळं सूतच डोळ्यांपुढं आहे.

भोंगा झाला. राजीनामा तिथंच फाडला, हसणाऱ्यांना आपणहून रामराम घातला आणि मागावर उभा राहिलो.