न कापलेलं बाटिक

२ मार्च १९८५
माझ्या रूममेटने, एन्डांगने, आज पलंगावर तिच्या आईचं बाटिक पसरलं. लग्नात लुंगीसारखं नेसलेलं लांब वस्त्र! "याचं जॅकेट शिवून दे ना. खांदे एवढे—" तिच्या गावच्या, बांडुंगच्या, सगळ्या मुली म्हणे आता असंच घालतात. भलेमोठे खांदे, स्प्रेने उभा केलेला केसांचा तुरा, पायात स्नीकर्स. तेवीसला इंडोनेशियन विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे.
मी हो म्हटलं. आत्याने मला अक्षरांआधी शिवण शिकवलं, हे मीच तिला फुशारकीने सांगितलेलं!

५ मार्च
कात्री उचलली. ठेवली.
आपल्याकडेही जुन्या साडीचं परकर-पोलकं करतात— पण साडी विरल्यावर. हे कुठेच विरलेलं नाही.
"आईला विचारलंस?" "हो गं!" फारच पटकन म्हणाली.

९ मार्च
शेजारच्या खोलीतली मालिनी म्हणते, "यार, सरळ कॅन्सल कर." कसं करू? जानेवारीत मी तापाने फणफणले होते, तेव्हा तीन दिवस क्लास बुडवून एन्डांग उशाशी बसली होती.

१४ मार्च
सुचलं! कापायचंच नाही. जादा कापड आत दुमडायचं, वर कच्चे टाके. पुढे उसवता येईल.
तिला सांगितलं नाही. हे खोटं बोलणं झालं का?

१७ मार्च
आरशासमोर गिरक्या घेत होती. मला मिठी मारली. मी मात्र टाके बघत होते.

२३ मार्च
स्टेजवर कॅसेट लागली, मुलं ब्रेकडान्स करायला लागली, एन्डांगने गिरकी घेतली— आणि टाके उसवले. अख्खं बाटिक घोट्यापर्यंत! हॉल हसला. तीही हसली.
खोलीवर आल्यावर नाही. "आईनेच दिलं होतं, काप म्हणून. मी खोटं बोलते असं वाटलं तुला?"
हो. तसंच वाटलं होतं.

२४ मार्च
बोलत नाही. चहा मात्र तिने दोघींचा केला.

३० मार्च
एन्डांगने घरी फोन लावला. माझी तक्रार सांगत असावी; सारखी माझ्याकडे बघत होती. मग एकदम थांबली. रिसीव्हरवर हात ठेवून हळूच म्हणाली, "आई विचारतेय, म्हणजे ते अजून अखंड आहे?— रडतेय गं ती."
रिसीव्हर माझ्या हातात दिला. आई काहीतरी बोलत राहिल्या. एक शब्द कळला नाही. मी मराठीतच म्हटलं, "हो आई. अखंड आहे."