पाच वाजताचा नॉइज

६ जानेवारी, सोमवार
नवीन वर्षाचा संकल्प सहा दिवस उशिरा, पण टेक्निकल कामात घाई चालत नाही. संकल्प : शेलूबाजारला आपल्या केबलवरून इंटरनेट द्यायचं. लोकांनी सेट-टॉप बॉक्स माळ्यावर टाकले आणि मोबाईल हातात घेतले. त्यामुळे सतरा वर्षं केबल चालवणारा देवेंद्रकुमार संपला असं कोणाला वाटत असेल, तर वाटो. खांबाखांबावर वायर माझी आहे.
संध्याकाळी जेवताना चंदनाला वायर सोलून दाखवली. मधोमध तांब्याची तार, भोवती पांढरा फोम, त्यावर जाळी, वरून काळं आवरण. सिग्नल आतून जातो, जाळी बाहेरचा कचरा आत येऊ देत नाही. बायकोचा प्रतिसाद : तुकडे वरणात पडले.

९ जानेवारी
दुकानामागच्या खोलीत मोठी मशीन बसली. खोलीला आजपासून कंट्रोल रूम म्हणायचं.
पहिलं कनेक्शन दौलतरावांना. जिल्हा परिषदेतून रिटायर, शांत माणूस. मुलगी धम्मदीपा, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, सध्या घरीच नोकरी शोधते. तिला सोप्या भाषेत समजावलं. वायरीत प्रत्येक चॅनेलची सीट ठरलेली. जुने चॅनेल उतरले, रिकाम्या सीटवर इंटरनेट बसवलं. ती म्हणे, काका, खांबावरचे ॲम्प्लिफायर टू-वे आहेत नं? मी म्हटलं, सगळं आहे.
टू-वे म्हणजे काय, ते बघणे.

११ जानेवारी
एकाही मॉडेमचा दिवा स्थिर नाही.
ॲम्प्लिफायर सिग्नल फक्त पुढे ढकलतात. टीव्हीला तेवढं पुरत होतं, कारण टीव्हीला उलट उत्तर कोणी देत नाही. इंटरनेटला मात्र घरातून कंट्रोल रूमकडे परत यावं लागतं. मी आधी मुद्दाम एकेरी करून पाहिलं. टेस्टिंग म्हणून. धम्मदीपाला तसं सांगितलं. ती हो म्हणाली, पण फार हळू म्हणाली.
सगळे ॲम्प्लिफायर बदलले.

१४ जानेवारी, संक्रांत
अकरा घरं चालू! भागिरथाबाई भजनाचे व्हिडिओ न थांबता बघत आहेत. शेवटच्या खांबावरचा हरिसिंग बोलला, शेट, मस्त पळून राह्यलं. मी नम्रपणे तीळगूळ घेतला.

१७ जानेवारी
किरकोळ तक्रार. रोज साडेचारच्या आसपास नेट बसतं. व्हिडिओ अडखळतो, कॉलवर समोरचा ऐकू येतो पण आपला आवाज त्याला जात नाही. सहा वाजता सगळं आपोआप ठीक.
कारण मला लगेच समजलं. कंट्रोल रूममधून जाताना सिग्नल वाटला जातो, येताना मात्र सगळ्या घरांचा आवाज एकाच वायरीत गोळा होतो. एका घरात जोड ढिला असला की तिथून मिक्सर, मोटर, सगळ्यांचा कचरा वायरीत शिरतो आणि अकराही घरांचं अपलोड बुडवतो. याला नॉइज म्हणतात. थोडक्यात, दोष ग्राहकाचा.

१८ जानेवारी, शनिवार
घरोघर इन्स्पेक्शन. टेप गुंडाळलेला एक जरी जोड दिसला तरी कनेक्शन कापीन, असं प्रत्येक दारात बजावलं. दहा घरं झाली. एकही सापडला नाही. लोक हुशार झालेत, लपवतात.
धम्मदीपाची आई बेबीताई हिच्या ओट्यावर मिक्सर दिसला. तिला झापलं. ती म्हणे, “आमचा सैपाक सात वाजल्याबिगर सुरूच होत नाही, शेट. पाच वाजता मिक्सर कायले लावू मी?” उडवाउडवीची उत्तरं.
मंगळवारी पाच वाजता पोरीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे, पुण्याच्या कंपनीचा. आठ महिन्यांत पहिलाच. दौलतराव तिला वाशीमला भाच्याकडे पाठवत होते. मला राग आला. म्हटलं, घरात माझं नेट असताना पोरगी वाशीमला जाणार? माझी जबाबदारी. शब्द दिला.
दौलतरावांनी भाच्याला फोन करून नाही म्हणून कळवलं.

२१ जानेवारी, मंगळवार
पुण्याची बाजू खराब होती.
म्हणजे पुण्याचा आवाज इथे स्वच्छ येत होता. फक्त हिचा तिकडे जात नव्हता. ती बोलत होती आणि ते आपसात विचारत होते, मॅडम आहेत का? तिने मोबाईलवरून लावून पाहिलं, दोन वाक्यांत कॉल कटला. मी दारातच उभा होतो. मॉडेमवर दोनदा थाप मारली.
शेवटी तिने ईमेल पाठवला. सहा वाजून गेल्यावर तो गेला. त्यांनी शुक्रवारी पाच वाजता पुन्हा बोलावलंय. शेवटचा चान्स, असं लिहिलंय.
दौलतरावांनी मला आत बसवलं. चहा दिला. सूर्य मावळला होता, मी पीत नाही हे त्यांना माहीत आहे. तरी दिला.

२२ जानेवारी
धम्मदीपा वही घेऊन दुकानात आली. नेट बसल्याच्या पाच दिवसांच्या वेळा लिहिलेल्या. मी तिला म्हटलं, सोड, शुक्रवारी मी सगळ्या संशयित घरांची वायर कापतो. ती म्हणे, “काका, गावाचा सैपाक सातनंतर होते. सहाच्या आत कोणाचं आटोपते?”
मी विचार केला. म्हटलं, आम्हा जैनांचं. दिवस बुडायच्या आत जेवण.
ती म्हणे, तुमच्या वायरवर जैनांची घरं किती?
मी म्हटलं, एक.
तपास चालू आहे.

२३ जानेवारी
ती लॅपटॉप घेऊन घरी आली. त्यावर माझ्या मशीनवरच्या नॉइजचा आलेख. चंदनाने मिक्सर लावला, रेघ छताला. बंद केला, रेघ खाली. चंदनाने असं सहा वेळा केलं. दोनदा पुरेसं होतं.
ओट्याशेजारच्या छोट्या टीव्हीमागे जोड सापडला. कनेक्टर नाही. तार पिळून, जाळी मोकळी सोडून, वरून काळा टेप. मी म्हटलं, हे कोण्या नवख्याचं काम. आई (जतनबाई, वय ब्याऐंशी, कान शाबूत) आतून बोलली, “देवेंद्रा, तूच तं देला तो जोड. मले सिरियल पाहाले.”
माझ्याकडे चांगला कनेक्टर नव्हता. धम्मदीपाने खांबावरून आमच्याच घराची वायर सोडवली आणि उघड्या तोंडाला टोपी लावली. नेटवर्क एकदम साफ.
माझ्या नेटवर्कमधून मी बाहेर.

२४ जानेवारी, शुक्रवार
साडेचारपासून खांबाखाली उभा. चंदनाने आपणहून खिचडी टाकली, मिक्सरला हात लावला नाही.
पाच वाजता दौलतरावांच्या खिडकीतून धम्मदीपाचा आवाज. मग पुण्याच्या माणसाचा. मग तिचा. मग त्याचा. तो तिच्या बोलण्याला उत्तर देत होता. सतरा वर्षं वायरीतून गाणी सोडली, बातम्या सोडल्या, पण या वायरीतून कोणाचं म्हणणं दूर जाताना मी पहिल्यांदा ऐकलं. डोळ्यात काहीतरी गेलं. धूळ असावी.
त्यांनी विचारलं, स्वतः शोधलेला एखादा फॉल्ट सांगा. तिने सांगितला. तिकडे बरेच लोक हसले. माझं नाव तिने घेतलं नाही. नुसतं “आमचे काका” म्हणाली.
बाहेर येऊन बेबीताईने विचारलं, आज तरी चहा घेता का? साडेपाच झाले होते. घेतला. मिक्सरचं बोलणं राहून गेलं, म्हणजे माफी वगैरे. ती म्हणे, “जाऊ द्या नं, शेट.”

७ फेब्रुवारी
धम्मदीपा सिलेक्ट झाली, सकाळच्या जीपने पुण्याला निघाली. जाताना मला कनेक्टर लावायचं औजार देऊन गेली आणि कसं धरायचं तेही दाखवलं. मी म्हटलं, माहीत आहे. उलटं धरलं होतं.
दुपारी आमच्या घराची वायर पुन्हा जोडली. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. पाच वाजता चंदनाला मुद्दाम चटणी वाटायला लावली. मिक्सर दहा मिनिटं घरघरला. फोन हातात धरून बसलो. एकही तक्रार नाही. साडेपाच. सहा. अकरा घरांतून एक फोन नाही! नॉइज कायमचा खलास.
कौतुक ऐकायला फेरी मारली. भागिरथाबाईंच्या भिंतीवर नवा पांढरा डबा. पुढच्या घरात तोच. त्याच्या पुढेही. शेवटी हरिसिंगकडे गेलो. त्याने आधी खुर्ची दिली, मग सांगितलं. फायबरवाले सोमवारी आले होते. सगळ्यांनी घेतलं. मला सांगायची हिंमत कोणाची होत नव्हती.
मी म्हटलं, ठीक आहे, उद्या वायर काढून नेतो.
हरिसिंग घाईने बोलला, “नका काढू, शेट. कपडे लई चांगले वायते तिच्यावर.”
मी वर पाहिलं, माझ्या वायरीवर शर्ट वाळत होते. ओली गोधडी टाकू नका म्हटलं, ताण येतो.